जुन्याचा आजार

१

बारा भुंगेरे नाहीसे झाले होते.

दुकानाचं दार खांद्याने ढकलत तो माणूस आत आला तेव्हा त्याच्या एका काखेत जुना लॅपटॉप होता, दुसऱ्या काखेत नवा. त्याची आई मागे दारातच थांबली. लॅपटॉप त्याने काउंटरवर ठेवले नाहीत, आदळले.

"काल तुम्ही यातलं सगळं यात भरून दिलंत. 'सगळं' असं म्हणाला होतात ना?"

"सगळं," मी म्हणाले. "एक्केचाळीस हजार दोनशे सहा फायली. मोजलेल्या आहेत."

"मग माझ्या बाबांची शेवटची बारा चित्रं कुठायत?"

त्याचे बाबा किड्यांची चित्रं काढत. तीस वर्षं, टाक आणि काळी शाई घेऊन, शास्त्राच्या पुस्तकांसाठी. एका संस्थेसाठी ते भुंगेऱ्यांचा मोठा चित्रसंग्रह करत होते. एकूण अठ्ठेचाळीस चित्रं. छत्तीस जमा झाली होती. उरलेली बारा स्कॅन करून लॅपटॉपमध्ये ठेवली आहेत, असं त्यांनी मुलाला फोनवर सांगितलं होतं. तीन आठवड्यांपूर्वी ते गेले. चित्रं शुक्रवारपर्यंत पोचायला हवी होती, आणि आज मंगळवार होता.

त्याने नवा लॅपटॉप उघडला. 'अंतिम' नावाचं फोल्डर होतं आणि आत काही नव्हतं. जुन्यातही फोल्डर होतं, तेही रिकामं.

"आणि एवढ्यावर भागलं नाही. हे बघा." त्याने माऊसची टिचकी मारली. फाईल उघडायच्या ऐवजी भलताच मेनू उलगडला. मग त्याने एकेक अक्षर बडवलं. पडद्यावर काही उमटलं नाही. "जुना अस्साच बिघडला होता. म्हणून तर मी घरी नवा आणला. आता नव्यालाही तेच! जुन्याचा आजार नव्याला लावलात तुम्ही."

आतून मालक हात पुसत आले. "साहेब, लॅपटॉपना एकमेकांची सर्दी होत नाही हो."

कुणी हसलं नाही.

"जाऊ दे ना रे," दारातून आई म्हणाली. "गेलं ते गेलं."

"जाऊ दे काय, आई? बाबांचं शेवटचं काम आहे ते!"

पण त्या 'जाऊ दे' मध्ये मला काहीतरी खटकलं. नवऱ्याचं शेवटचं काम हरवलेली बाई रडते किंवा भांडते. हिच्या आवाजात मात्र, का कोण जाणे, सुटल्यासारखं काहीतरी होतं.

२

दोघं गेल्यावर मालक म्हणाले, "पोरी, खरं सांग. चुकलीस का कुठं?"

मालकांना मी काका म्हणते. भौतिकशास्त्राची पदवी घेऊन दुरुस्तीच्या दुकानात काय करतेस, असं नातेवाईक मला विचारतात तेव्हा उत्तर काका देतात: "ती मोजते, मी पेचकस फिरवतो."

"चुकले असेन तर कागदावर दिसेल," मी म्हणाले.

जुन्यातलं नव्यात नेताना मी जुना लॅपटॉप सुरूच करत नाही. त्याची डिस्क काढून माझ्या टेबलावरच्या यंत्राला जोडते आणि काहीही हलवण्याआधी डिस्कवर काय काय आहे त्याची यादी काढते. ती यादी मी उघडली. 'अंतिम' फोल्डर यादीतही रिकामंच होतं. त्यात शेवटचा बदल झाला होता रविवारी, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी.

लॅपटॉप दुकानात आला सोमवारी सकाळी. पावती समोर होती. खाली आईची सही होती, आणि ओल्या शाईवरून तळहात फिरल्यासारखी ती थोडी फासली गेली होती.

"म्हणजे आपण सुटलो," काका म्हणाले.

"आपण सुटलो. आता दुसरं कुणीतरी अडकणार."

मी मुलाला फोन लावला. रविवारी चार वाजता घरी कोण होतं?

"मी होतो, नवा लॅपटॉप द्यायला आलो होतो. आई होती. आणि तो होता." 'तो' या शब्दावर त्याने दात खाल्ले. "बाबांचा लाडका शिष्य. सरांचे टाक आठवण म्हणून हवेत, म्हणाला. अर्धा तास बाबांच्या खोलीत एकटा होता."

"तुम्हीही त्या खोलीत गेला होतात?"

"गेलो होतो. चित्रं बघायला बसलो, पण क्लिक केलं की पुन्हा तोच मेला मेनू! वैतागून उठलो."

"आणि आई?"

"आईला लॅपटॉप उघडतासुद्धा येत नाही. अहो, सरळ आहे सगळं. बाबांची चित्रं पोचली नाहीत तर ती बारा कोण काढणार आहे माहितीये? तोच! संस्थेने तसं कळवलंय त्याला. मी गुरुवारी संस्थेला लिहितोय, की याने चोरी केली. बघू पुढे त्याला काम कोण देतं ते."

३

शिष्य एका शाळेत चित्रकला शिकवत होता. वय पस्तिशीचं, बोटांना रंग लागलेला, कोपरं विरलेला सदरा. मी गेले तेव्हा तो रिकाम्या वर्गात मुलांचे ब्रश धुत होता.

मी सगळं सांगितलं. तो चिडला नाही. नळ बंद केला आणि खाली बसला.

"मी त्या लॅपटॉपपाशी बसलो होतो, खोटं कशाला बोलू? चित्रं बघायची होती. शोधायला म्हणून नाव टायपायला गेलो, तर एक अक्षर उमटेना. दोनदा बघितलं, सोडून दिलं. टाक घेतले आणि निघालो."

"ती बारा चित्रं तुम्हाला मिळणार होती."

"मला नकोयत." तो ब्रशांकडे बघत राहिला. "सरांनी वर्षापूर्वी विचारलं होतं मला. 'उरलेली बारा तू काढशील का?' मी म्हटलं, 'सर, तुमच्या ओळीत माझी रेघ शोभायची नाही.' मला वाटलं, मी नम्रपणे बोलतोय. त्यांनी 'का नाही' असं विचारलं नाही, आणि ते मला का विचारतायत, हे मीही विचारलं नाही."

"का विचारत होते?"

त्याने एक ओला ब्रश उचलून पुसायला घेतला. मग एकदम म्हणाला, "सदतिसावं चित्र नमुना म्हणून सरांनी संस्थेला आधीच पाठवलं होतं. छपाई कशी येईल ते बघायला संस्थेने त्याची प्रत मला दाखवली. मी बघितलं आणि चांगलं आहे म्हणून परत दिलं."

"चांगलं नव्हतं?"

"फार चांगलं होतं."

"मग?"

"ताई, मी चोर ठरलो तरी चालेल, पण हे मला विचारू नका."

४

माणूस सांगत नसेल तर वस्तूला विचारावं. कचरापेटीतूनही काढून टाकलेली फाईल लगेच नष्ट होत नाही. तिची जागा फक्त मोकळी म्हणून नोंदली जाते, आणि वर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत ती तिथेच पडून असते. बुधवारी सकाळी काका जाऊन जुना लॅपटॉप मागून घेऊन आले. दुपारपर्यंत बाराही चित्रं माझ्यासमोर होती.

खरं तर काम इथे संपलं होतं. चित्रं मुलाला द्यायची आणि मोकळं व्हायचं. पण चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची तयारी गुरुवारसाठी झालेली होती, आणि सापडलेली चित्रं काही चोराचं नाव सांगत नाहीत.

मी लॅपटॉपमधलंच छत्तिसावं आणि नुकतं सापडलेलं सदतिसावं चित्र शेजारी ठेवलं. दोन्हीत पाठीवर चकाकी असलेला काळा भुंगेरा. दोन्ही सुरेख. पायावरचा केस न् केस मोजून काढलेला. पहिल्या नजरेला काही फरक नाही. मग मी सावली पाहिली. पाठीचा गोलावा दाखवायला शेकडो बारीक तिरक्या रेघा ओढलेल्या होत्या. छत्तिसाव्यात त्या डावीकडून उजवीकडे चढत जात होत्या आणि सदतिसाव्यात उतरत होत्या.

स्कॅन करताना उलटं झालं असेल का? नाही. खालचे आकडे सुलटे होते, प्रकाशही नेहमीप्रमाणे डावीकडून येत होता. मी पहिल्यापासून छत्तीस चित्रं तपासली, सगळीकडे चढत्या रेघा. सदतीस ते अठ्ठेचाळीस, सगळीकडे उतरत्या.

भराभर रेघ ओढताना मनगट ज्या बाजूला सहज वळतं तिकडेच रेघ जाते. त्यात इच्छेचा प्रश्न नसतो. उजव्या हाताची रेघ चढते, डाव्याची उतरते.

आता मला तो 'आजार' आठवला.

लोक मला फायली न्यायला सांगतात. मी त्यांच्या सवयीही नेते: अक्षर केवढं हवं, पडदा किती उजळ, माऊस कसा. नव्या यंत्रावर माणसाला परकं वाटू नये म्हणून. या लॅपटॉपच्याही सवयी मी नेल्या होत्या, न वाचता. आता वाचल्या.

माऊसची बटणं उलटी केलेली होती, डाव्या हातासाठी. बाण पडद्यावर सर्वांत वेगाने पळेल असा ठेवलेला, दोन टिचक्यांमधलं अंतर सर्वांत कमी. हे चपळ आणि स्थिर हाताचं काम.

कीबोर्डची गोष्ट वेगळीच होती. अक्षर पूर्ण सेकंदभर दाबून धरलं तरच उमटावं, ओझरता धक्का लागला तर उमटू नये. ज्यांच्या हाताला कंप असतो त्यांच्यासाठी ही सोय असते.

चपळ माऊस आणि थरथरता कीबोर्ड. एकाच माणसाचा डावा हात इतका स्थिर असता, तर टायपायलाही त्याने तोच वापरला असता. त्या लॅपटॉपपुढे दोन माणसं शेजारी शेजारी बसत होती.

रविवारी मुलाला माऊस जमला नाही, शिष्याला कीबोर्ड जमला नाही. ज्याच्यासाठी ते यंत्र बिघडलेलं नव्हतं, तोच बारा चित्रं काढून टाकू शकत होता. मी फाईलमधून पावती काढली. फासलेली सही तशीच होती. डाव्या हाताने डावीकडून उजवीकडे लिहिताना तळहात ओल्या शाईवरून जातो.

५

दार आईनेच उघडलं. घरात एकच माणूस वावरत असल्याची शांतता होती. बाबांच्या खोलीत खिडकीला लावून टेबल होतं आणि त्यापुढे दोन खुर्च्या, इतक्या जवळ की हात एकमेकांना घासावेत.

"काकू, बाराही चित्रं सापडली."

त्या डाव्या खुर्चीत बसल्या. उजवी त्यांनी मोकळी सोडली. मीही तिथे बसले नाही, उभीच राहिले.

"तू बघितलीस?"

"बघितली. फार सुंदर काढलीत तुम्ही."

त्यांनी टेबलाच्या कडेवरून बोट फिरवलं. मग हसल्यासारखं करून म्हणाल्या, "लग्नाआधी आम्ही दोघं एकाच वर्गात होतो. माझे मार्क जास्त. संसारात एकाने काढायचं आणि एकाने डबे भरायचे असं ठरलं. म्हणजे ठरलं असं नाही, झालं."

"हाताचा त्रास कधीपासून होता त्यांना?"

"दीड वर्ष. आधी चमचा थरथरायचा, मग टाक. टाकाची एक रेघ हलली की आख्खा भुंगेरा गेला. एकदा सबंध दिवस बसून सहा पाय काढले आणि पुढच्याच रेघेला हात उडाला. कागद फाडला नाही त्यांनी. घडी करून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, 'तू बघ.' मला वाटलं, कागद बघ म्हणतायत."

त्यांनी डावा हात टेबलावर सपाट ठेवला.

"मी काढायची, ते शेजारी बसून सांगायचे. 'मिशीला अकरा पेरं असतात, दहा केलीस.' भांडायचो सुद्धा. स्कॅन मी साफ करायची, खालची माहिती ते टायपायचे. हट्ट होता, अक्षरं माझी मी लिहिणार. एकेक कळ दाबून धरायचे. एका ओळीला पाच मिनिटं. मी म्हणायची, 'अहो, मी लिहू का?' तर म्हणायचे, 'बाराच्या बारा तू घेतलीस, चार अक्षरं तरी ठेव.'"

"मग काढून का टाकली?"

"नावावरून. ते म्हणत होते, यावर तुझं नाव लागणार. मी म्हटलं, माझं नाव लागलं की तुमचा हात गेला होता हे छापून येईल. तुमचंच लावा. ते म्हणाले, जन्मभर खोटी रेघ ओढली नाही, आता ओढायला सांगतेस? आठ दिवस अबोला धरला. नवव्या दिवशी…"

नवव्या दिवशी ते गेले होते. हे त्यांना सांगावं लागलं नाही.

"रविवारी मुलगा म्हणाला, उद्या सगळं नव्यात भरून घेऊ, मग मी मेल करतो. त्यांचं नाव लावून पाठवलं तर ते खोटं, माझं लावलं तर त्यांची लाज. दोन्ही नको वाटलं. मुलगा गॅलरीत फोनवर होता. दोन टिचक्या मारल्या, झालं. तू सवयी पण नेतेस हे मला कुठे माहीत?"

"कागद?"

"चादरींच्या घडीत आहेत. फाडायला हात झाला नाही."

"काकू, तुमचा मुलगा उद्या संस्थेला लिहिणार आहे, की शिष्याने चोरी केली."

त्या ताडकन उठल्या. "त्याने? तो कशाला? अगं, सदतिसावं बघून त्या पोराने ओळखलं असणार. रविवारी माझ्या पाया पडला, एक अक्षर बोलला नाही."

"चोर ठरलो तरी चालेल, असं मला म्हणाला."

त्यांनी उजव्या, रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मुलाला फोन लाव. आत्ता ये म्हणावं."

६

मुलगा आला तो भांडायच्या तयारीने. टेबलावर चादरींच्या घडीतून काढलेले बारा कागद मांडलेले होते. आईने प्रस्तावना केली नाही.

"ही मी काढलीत. आणि मीच पुसली. बाबांचा हात गेला होता."

तो एकेक कागद बघत गेला. पाचव्या-सहाव्यापाशी थांबला.

"म्हणून व्हिडिओवर यायचे नाहीत," तो म्हणाला. "मी म्हणायचो, बाबा, तोंड तरी दाखवा. 'कशाला, आवाज पोचतोय ना,' म्हणायचे. मला वाटायचं, मी लांब राहतो म्हणून रागावलेत." त्याने खिशातून फोन काढला, गुरुवारसाठी लिहून ठेवलेला मजकूर पुसून टाकला आणि फोन पालथा ठेवला. "मी वर्षभर त्यांच्यावर रागावून होतो, आई. ते रागावलेत म्हणून."

त्या त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. डावा हात. मी खिडकीबाहेर पाहिलं. खाली कुणीतरी सायकलची साखळी बसवत होतं आणि ती पुन्हा पुन्हा निसटत होती.

थोड्या वेळाने तो म्हणाला, "शिष्याची माफी मी मागतो. चित्रं आजच पाठवू. पण नाव तुझं लागणार, आई."

"त्यांचं पण."

"दोघांचं. बाबांना तेच हवं होतं ना?"

"त्यांना फक्त माझं हवं होतं. सगळंच त्यांचं ऐकायचं नाही." आणि त्या तीन दिवसांत त्या पहिल्यांदा खरं हसल्या, आणि हसता हसता त्यांनी पदराने डोळे टिपले.

चित्रं मी नव्या लॅपटॉपमध्ये 'अंतिम' मध्ये ठेवली. जाण्याआधी म्हणाले, "काकू, माऊस तुमच्या हाताचा आहे, तसाच ठेवते. कीबोर्डची ती सोय मात्र काढून टाकते. तुम्हाला गरज नाही. प्रत्येक अक्षराला सेकंदभर दाबून धरावं लागेल नाहीतर."

"नको काढूस."

"हळू चालेल."

"चालू दे. ते जेवढा वेळ धरायचे तेवढाच मीही धरेन."

त्या डाव्या खुर्चीत बसल्या. मुलगा मागे उभा राहिला. उजव्या खुर्चीत कुणीच बसलं नाही. चित्रांखालच्या माहितीच्या फाईलमध्ये शेवटच्या पानावर 'चित्रे' हा शब्द आधीच टायपलेला होता, आणि पुढे जागा मोकळी होती. तो शब्द कुणी टायपला होता, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

"आधी माझं टाकते," त्या म्हणाल्या. "म्हणजे एकदाचं संपेल."

एक कळ दाबली, धरली, अक्षर आलं, सोडली. मग दुसरी. त्यांचं नाव संपायला दहा-बारा सेकंद लागले असतील. मग त्यांनी नवऱ्याचं नाव सुरू केलं. एकेक अक्षर, दाबून, धरून.

शेवटच्या अक्षरावर त्यांनी बोट ठेवलं. ते उमटलं. पण त्यांनी बोट उचललं नाही, आणि तेच अक्षर पुन्हा उमटलं, पुन्हा उमटलं, ओळ भरून खाली उतरलं आणि पान भरत गेलं. मला ते एका टिचकीत थांबवता आलं असतं. मुलाने माझ्याकडे पाहिलं आणि नको म्हणून मान हलवली.

आम्ही वाट पाहत उभे राहिलो.